छोट्या हरितगृहात कुंडीतील टोमॅटो

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार कार्यकर्ते यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)



टोमॅटो आज महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात इतका रुळला आहे, की तो मूळचा येथला नव्हे, हे सांगूनही सहसा पटत नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडील प्रदेशात त्याचे रानटी पूर्वज उगवतात. मेक्सिकोतील लोकांनी त्याला लागवडीखाली आणले. सोळाव्या शतकात तो स्पॅनिश दर्यावर्दींबरोबर युरोपात गेला आणि पुढे युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर भारताच्या किनाऱ्यावर उतरला. वांगी, मिरची आणि बटाटा हे त्याचे भाऊबंद. मराठी माणसाने त्याला कधी ‘बेलवांगे’ म्हटले, वऱ्हाडाने ‘भेदरे’ म्हटले आणि अखेर त्याच्या परदेशी नावासह त्याला आपलासा केला.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव आणि नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथील बाजारांत टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या पिकाचे मोल आणि त्यातील जोखीम दोन्ही ठाऊक आहेत. हे फळ नाशवंत आहे. आवक वाढली की भाव कोसळतो आणि तोडणीची मजुरीही सुटत नाही. पावसाने वा रोगाने पीक गेले की तोच भाव गगनाला भिडतो. २०२३ च्या जुलै महिन्यात देशातील अनेक शहरांत टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या वर गेला आणि केंद्र शासनाला सहकारी संस्थांमार्फत तो सवलतीच्या दराने विकावा लागला. त्या दिवसांत शाळांच्या व अंगणवाड्यांच्या आमटी-भाजीतून टोमॅटो दिसेनासा होणे स्वाभाविकच होते.

प्रस्तुत विवेचन बाजारासाठी केल्या जाणाऱ्या मोठ्या शेतीविषयी नाही. शाळेच्या आवारात, अंगणवाडीच्या मागे किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत छोटेसे हरितगृह उभारून त्यात कुंड्यांमध्ये टोमॅटो पिकविणे कितपत शक्य व कितपत इष्ट आहे, एवढाच त्याचा विषय आहे. शालेय पोषण परसबागांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. तेव्हापासून अनेक शाळांनी परसबागा फुलविल्या आहेत. ज्या शाळांकडे शेतीयोग्य जमीन नाही, आवार मुरमाड वा फरसबंद आहे, तेथे कुंडी हाच मार्ग उरतो. म्हणून या पद्धतीचे गुण आणि मर्यादा दोन्ही नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हरितगृह कशासाठी?

हरितगृहाची कल्पना थंड देशांत जन्मली. रोमन सम्राट टायबेरियस याच्यासाठी काकडीवर्गीय फळांचे वाफे चाकांवर बसवून उन्हात नेत आणि थंडीत पारदर्शक शिळेच्या पत्र्यांखाली ठेवीत, असे प्लिनी या लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नमूद केले आहे. हॉलंडमधील काचगृहे त्याच परंपरेतील. आपल्या देशात लडाखमध्ये, जेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, तेथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या लेह येथील प्रयोगशाळेने जमिनीत खोदलेल्या व प्लॅस्टिकने झाकलेल्या हरितगृहांचा प्रसार केला. या सर्व ठिकाणी उद्देश एकच, तो म्हणजे ऊब राखणे.

महाराष्ट्रात परिस्थिती नेमकी उलट आहे. येथे उबेची वाण नाही. येथे पिकाचे रक्षण करावयाचे ते तीन गोष्टींपासून : पानांवर पडणारा सततचा पाऊस, मार्चनंतरचे प्रखर ऊन आणि रोग वाहून आणणारे कीटक. या फरकाकडे दुर्लक्ष करून चहूबाजूंनी प्लॅस्टिक लावलेली खोली उभी केली, तर दुपारच्या उन्हात ती भट्टीसारखी तापते. टोमॅटोला दिवसा २० ते ३० अंश आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागले किंवा रात्री फार उबदार झाल्या, की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. झाड हिरवेगार दिसते. फळ मात्र धरत नाही. अशा वेळी पुष्कळदा दोष बियाण्यावर ढकलला जातो. वास्तविक दोष असतो बांधणीचा.

तेव्हा आपल्याकडील छोटे हरितगृह म्हणजे वर छत्री आणि चारी बाजूंना जाळी, असेच असावयास हवे. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर बांधणीच्या पुष्कळ चुका टळतील.

आकार व बांधणी

शाळेसाठी ४ मीटर रुंद व ६ मीटर लांब, म्हणजे २४ चौरस मीटरचे घर पुरेसे आहे. बाजूंची उंची अडीच मीटर आणि मध्यभागी साडेतीन मीटर ठेवावी. उंची कमी केल्यास खर्च वाचतो खरा. पण गरम हवा झाडांच्या शेंड्यांवरच कोंडते. छपराच्या माथ्याशी लांबवर एक झरोका ठेवून त्यालाही जाळी लावावी, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते आणि बाजूंनी थंड हवा आत येते. पावसाळी वारे पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतात. म्हणून झरोक्याचे तोंड पूर्वेकडे असावे. एरवी पाऊस आत येतो आणि वाऱ्याने छप्पर उचलले जाते.

छपरासाठी अतिनील किरणांना टिकणारे २०० मायक्रॉन जाडीचे प्लॅस्टिक वापरावे. साधे प्लॅस्टिक एका उन्हाळ्यात चिरते. चांगले प्लॅस्टिकही सुमारे तीन वर्षांनी बदलावे लागते, ही तरतूद प्रारंभीच मनात धरावी. बाजूंना ४० मेशची कीटकरोधक जाळी लावून तिची खालची कड जमिनीत पुरावी. दाराच्या आत दुसरे दार किंवा जाळीचा जाड पडदा असावा. सांगाडा जस्ताच्या नळ्यांचा केल्यास टिकाऊ. कोकणात व विदर्भात बांबू सहज मिळतो, तो जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावून वापरता येतो. उन्हाळ्यासाठी छपरावर ओढता येईल असे ५० टक्के सावलीचे जाळे जवळ ठेवावे. जागा अशी निवडावी, की दिवसाचे किमान सहा तास तरी तेथे ऊन पोहोचेल. शाळेच्या भिंतीला उत्तरेकडून चिकटून बांधलेले घर हिवाळ्यात बहुतांश वेळ सावलीतच राहते.

कुंडी, डबा की पिशवी?

टोमॅटोच्या एका झाडाला १५ ते २० लिटर मातीचे माप लागते. खोली व रुंदी प्रत्येकी किमान ३० सेंटिमीटर हवी. याहून लहान भांड्यात झाड उभे राहते, फुलते. पण फळांच्या दिवसांत दुपारपर्यंतच माती कोरडी पडते.

भांडे कोणते घ्यावे, याचे उत्तर गावागावांत निराळे असेल. मातीची कुंडी थंड राहते. पण तिच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी उडून जाते व ते अधिक द्यावे लागते. पोषण आहाराच्या स्वयंपाकात रिकामे होणारे १५ किलो तेलाचे डबे नेमक्या मापाचे असतात. ते धुऊन, तळाला पाच-सहा भोके पाडून, बाहेरून चुन्याचा हात दिला म्हणजे उन्हाने फारसे तापत नाहीत. तथापि दोन-तीन हंगामांत गंजतात. बाहेरून पांढऱ्या व आतून काळ्या प्लॅस्टिकच्या लागवड पिशव्या स्वस्त व सुटसुटीत आहेत. कोणतेही भांडे असो, ते दोन विटांवर ठेवावे, म्हणजे तळाची भोके बुजत नाहीत. कीटकनाशकांचे वा रंगाचे रिकामे डबे मात्र कितीही धुतले तरी खाण्याच्या पिकासाठी कदापि वापरू नयेत.

४ बाय ६ मीटरच्या घरात दोन-दोन ओळींच्या दोन जोड्या, मध्ये एक मीटरची वाट आणि झाडांत अर्धा मीटर अंतर ठेवल्यास ४८ कुंड्या बसतात. अधिक दाटी केल्यास हवा खेळत नाही आणि करप्यास आमंत्रण मिळते.

मातीचे मिश्रण

शेतातील काळी माती शेतात सोने असते. कुंडीत ती अडचण होते. ओली झाली की ती फुगते व पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसून भांड्याच्या कडेपासून सुटते आणि मग दिलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरून पाणी दिले, तळाशी वाहिले, पण मध्ये झाड तहानलेलेच राहिले, असा प्रकार त्यामुळे घडतो.

एक भाग पोयट्याची वा तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, हे मिश्रण उत्तम. भुश्यात क्षार असतात, म्हणून तो दोन-तीन वेळा पाण्याने धुऊन घ्यावा. तो न मिळाल्यास भाताचे तूस किंवा जाड वाळू चालते. माती आणताना ज्या शेतात लगतच्या काळात वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो घेतला असेल, तेथील घेऊ नये. मर रोगाचे जंतू आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी त्या मातीबरोबर येतात. त्याच कारणास्तव एका हंगामाची माती पुढच्या हंगामात तशीच वापरू नये. ती एप्रिल-मे महिन्यांत ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात झाकून ठेवावी. महाराष्ट्राचे कडक ऊन येथे विनामूल्य औषधाचे काम करते.

हंगाम, वाण आणि रोप

शाळेच्या दृष्टीने दोन हंगाम संभवतात. जूनच्या मध्यास शाळा उघडताच बी पेरले, तर जुलैच्या मध्यास लागण होते आणि सप्टेंबरच्या अखेरीस फळे येऊ लागतात. उघड्या शेतात पावसाने पीक झोडपले जात असता छपराखालील झाडाची पाने कोरडी राहतात, हा या हंगामाचा मोठा लाभ. परंतु ढगाळ हवा, दमटपणा आणि ऐन तोडणीत येणारी दिवाळीची सुट्टी यांमुळे तो कसोटीचा ठरतो.

प्रथमच प्रयोग करणाऱ्या शाळेने ऑगस्टच्या उत्तरार्धात बी पेरून २० सप्टेंबरच्या सुमारास लागण करावी. दिवाळीच्या सुट्टीत झाडे लहान असतात व पाणी कमी पितात. नोव्हेंबरच्या अखेरीस पहिली फळे पिकू लागतात आणि थंडीचे महिने फळधारणेला अनुकूल असतात. फेब्रुवारीअखेर पीक आटोपते, म्हणजे वार्षिक परीक्षा आणि कडक उन्हाळा यांच्याशी गाठ पडत नाही.

टोमॅटोचे झुडपासारखे वाढणारे व वेलासारखे उंच जाणारे असे दोन प्रकार आहेत. छोट्या घरात जागा कमी पण उंची भरपूर असल्याने उंच वाढणारा वाण सोयीचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे ‘धनश्री’ व ‘भाग्यश्री’, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा तीन रोगांना प्रतिकारक असा ‘अर्का रक्षक’ आणि दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेचा ‘पुसा चेरी टोमॅटो-१’ ही नावे परिचित आहेत. आपल्या भागात कोणता वाण साधतो, हे तालुका कृषि कार्यालयात किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात विचारून ठरवावे.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. ते पाच ते आठ दिवसांत उगवते व २५ ते ३० दिवसांत रोप लागणीस येते. लागण करताना रोप थोडे खोल बसवावे. टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श होताच मुळे फुटतात आणि झाडाचा पाया भक्कम होतो.

पाणी : सर्वांत मोठी परीक्षा

जमिनीतील झाडाची मुळे ओलीच्या शोधात दूरवर जातात. त्याला एक-दोन दिवस पाणी मिळाले नाही, तरी ते तग धरते. कुंडीतील झाडाला ती सोय नाही. त्याचे सारे जग पंधरा लिटरांचे. ते पूर्णतः माणसाच्या हातावर अवलंबून असते. म्हणून कुंडीतील टोमॅटोच्या यशापयशाचा निर्णय खतावर वा औषधावर होत नाही. तो पाण्याच्या नियमितपणावर होतो.

फळाच्या टोकाकडील भाग काळा व चामड्यासारखा होतो, ही तक्रार कुंडीतील टोमॅटोच्या बाबतीत वारंवार ऐकू येते. तो बुरशीचा रोग समजून फवारण्या केल्या जातात. वस्तुतः फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडल्याचे ते चिन्ह आहे. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असते. परंतु ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचते आणि पाणी कधी फार तर कधी नाही, अशी स्थिती असल्यास पुरवठा खंडित होतो. कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी दिले की फळे तडकतात, तेही याच अनियमितपणामुळे. दोन्ही दुखण्यांवर पहिला उपाय एकच : थोडे थोडे, ठरल्या वेळी व रोज.

लहान रोपाला दिवसाला अर्धा लिटर पाणी पुरते. फळांनी लगडलेल्या झाडाला दीड ते दोन लिटर लागते व ते सकाळ-दुपार असे विभागून द्यावे. माती एक बोट खोल चाचपून पाहण्याची सवय मुलांना लावावी. तळातून थोडे पाणी ठिबकले की थांबावे. पानांवर पाणी ओतू नये. २०० लिटरचे पिंप एक मीटर उंचीच्या ओट्यावर ठेवून बारीक नळ्यांनी प्रत्येक कुंडीत पाणी सोडता येते; ऐन फळांच्या काळातही ते दोन दिवस पुरते. शनिवारी दुपारी भरलेले पिंप रविवार निभावून नेते.

येथे पंचायत सदस्यांनी एक हिशेब अवश्य ध्यानात घ्यावा. ४८ झाडांना हंगामभराची सरासरी सव्वा लिटर धरल्यास रोजचे ६० लिटर, म्हणजे १६० दिवसांच्या पिकाला ९,६०० लिटर पाणी लागते. ज्या गावात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे २४ चौरस मीटरच्या छपरावर १२,००० लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ९,६०० लिटर उरते. सारांश, अवर्षणप्रवण भागातही या घराच्या छपरावर त्याच्या एका पिकापुरते पाणी पडते. ते सर्व साठविण्याइतकी टाकी परवडत नसेल, तर ५,००० लिटरच्या टाकीने निम्मी गरज भागते. पन्हळ व टाकी यांचा अंदाजपत्रकात समावेश केल्याशिवाय हरितगृहास मंजुरी देऊ नये, असा दंडक ग्रामसभेने घातल्यास तो शहाणपणाचा ठरेल.

पाण्याबरोबर अन्नद्रव्येही कुंडीतून झिरपून जातात, म्हणून खत एकदाच भरपूर न देता थोडे व वरचेवर द्यावे. प्रारंभी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा, आणि फळे धरल्यावर पालाशयुक्त खत द्यावे. नत्राचा अतिरेक झाला की पालाच माजतो.

फुलापासून फळापर्यंत

झाड वाढू लागले की सुतळी वरच्या तारेला बांधून खोड तिच्याभोवती अलगद वळवावे. पान व खोड यांच्या बेचक्यात निघणारी बगलफूट चार-पाच सेंटिमीटरची असतानाच आठवड्यातून एकदा हाताने खुडावी. हे काम करणाऱ्याने तंबाखू वा मशेरी लावलेल्या हातांनी झाडाला शिवू नये. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा मोझॅक विषाणू अशा हातांनी एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. शाळेच्या आवारात तंबाखू नसावी, याला टोमॅटोनेही दिलेले हे एक कारण!

टोमॅटोच्या एकाच फुलात परागकण व स्त्रीकेसर दोन्ही असतात. मात्र परागकण पुंकेसरांच्या नळीत बंद असतात आणि फूल थरथरले तरच बाहेर पडतात. उघड्या शेतात वारा आणि गुणगुणत फुलाला हालविणाऱ्या रानमाश्या व भुंगे ते काम करतात. जाळीच्या घरात वारा मंद असतो व माश्यांना प्रवेश नसतो. म्हणून ज्या जाळीने रोग बाहेर ठेवला, तिने परागीभवनही बाहेर ठेवले, असे होऊ नये यासाठी फुलांच्या दिवसांत सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान सुतळीला हलकी टिचकी मारावी. युरोपातील हरितगृहांतही १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुंजन करणाऱ्या माश्या पाळण्याची पद्धत रूढ होईपर्यंत फुले अशीच माणसाच्या हाताने हालवीत असत. विज्ञानाच्या शिक्षकांना परागीभवनाचा धडा शिकविण्यास याहून चांगले साधन मिळणार नाही.

कीड व रोग

पांढरी माशी ही टोमॅटोची मोठी वैरीण. ती पर्णगुच्छ, म्हणजे शेतकरी ज्याला ‘बोकड्या’ म्हणतात, त्या रोगाचा विषाणू पसरविते. पाने आकसून वाटीसारखी होतात, झाड खुजे राहते व फळ धरत नाही. या रोगावर औषध नाही. असे झाड दिसताच उपटून घराबाहेर नष्ट करावे. जाळी, दुहेरी दार आणि एरंडेल लावलेले पिवळे फलक हेच खरे उपाय. भारतात प्रथम २०१४ मध्ये महाराष्ट्रातच नोंदली गेलेली ‘टूटा’ ही नागअळी पाने पोखरून फळांतही शिरते. पोखरलेली पाने वेळीच खुडून काढावीत. ठेचलेल्या निंबोळ्या लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून गाळलेला अर्क बहुतेक किडींना आवरतो. बंदिस्त घरात, त्यातही मुलांचा वावर असताना, विषारी औषधांची फवारणी सर्वथा टाळावी.

हिशेब : काय मिळेल, काय मिळणार नाही

चांगली निगा राखल्यास झाडामागे तीन किलो फळ धरण्यास हरकत नाही. ४८ झाडांचे १४४ किलो होतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या तेरा-चौदा आठवड्यांत ते विभागले, तर आठवड्याला १० ते ११ किलो पडतात. माध्यान्ह भोजनाच्या निकषानुसार प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी द्यावयाची असते. २०० मुलांना ती १० किलो होते. याचा अर्थ असा, की या हरितगृहातील आठवड्याचे उत्पन्न २०० मुलांच्या एका दिवसाच्या भाजीइतके आहे.

हा आकडा लपविण्यात अर्थ नाही. हरितगृहाने शाळेचा भाजीचा प्रश्न सुटेल, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. आणि केवळ पैशाच्या हिशेबाने पाहिल्यास बाजारातून टोमॅटो आणणे पुष्कळ वेळा स्वस्तच पडेल. परंतु रोजच्या आमटीत मुलांनी स्वतः वाढविलेले ताजे फळ पडणे, त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह शरीरात शोषले जाण्यास मदत होणे, आणि बीजापासून फळापर्यंतचा प्रवास, पाण्याचे मोजमाप, तापमानाची नोंद हे सारे मुलांनी प्रत्यक्ष करणे, याचे मोल किलोत होत नाही. शाळेतील हरितगृहाला त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ते शेताची नव्हे, प्रयोगशाळेची जागा घेते.

जबाबदारी कोणाची?

सांगाडा उभा राहणे ही सुरुवात असते. उद्‌घाटनाची फीत कापली जाते, छायाचित्र निघते, आणि पुढील मे महिन्यात फाटक्या प्लॅस्टिकखाली कोरड्या कुंड्यांची रांग उरते, असे घडू नये ही सर्वांचीच इच्छा. अशा ठिकाणी पैसा कमी पडलेला नसतो. रविवारी पाणी कोणी घालावयाचे, हे ठरलेले नसते.

म्हणून बांधणीच्या ठरावाबरोबरच एक पाळीपत्रक तयार व्हावे. शालेय व्यवस्थापन समितीने एका शिक्षकाकडे व एका पालकाकडे जबाबदारी सोपवावी. आठवड्याचे सहा दिवस मुलांच्या गटांत वाटून द्यावेत. रविवार, सण आणि दिवाळीची सुट्टी यांसाठी गावातील बचत गटाशी किंवा शाळेनजीकच्या एखाद्या कुटुंबाशी आधीच बोलणे करून त्या दिवसांच्या फळांचा वाटा त्यांना द्यावा. ग्रामपंचायतीने टाकीत पाणी राहील याची आणि तीन वर्षांनी प्लॅस्टिक बदलण्याच्या खर्चाची हमी घ्यावी. कृषि खात्याच्या कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा फेरी मारावी. रोजचे तापमान, दिलेले पाणी व तोडलेली फळे यांची वही मुलांनी ठेवावी. दुसऱ्या वर्षी तीच वही मार्गदर्शक ठरेल.

ज्या गावाला ही व्यवस्था लावता येत नसेल, त्याने हरितगृहाची घाई करू नये. प्रथम व्हरांड्यालगत पाच डब्यांत पाच झाडे लावावीत. ती एक हंगाम जगविता आली, दिवाळीच्या सुट्टीनंतरही हिरवी राहिली, तर ४८ झाडांचा विचार करावा. पाच डब्यांना खर्च नगण्य येतो. आणि गावाची तयारी किती आहे, हे ते कोणत्याही अहवालापेक्षा अधिक स्पष्टपणे सांगतात.

येत्या ऑगस्टमध्ये पेरणी करावयाची, तर छप्पर, पन्हळ आणि टाकी पावसापूर्वी तयार हव्यात, माती मे महिन्यातच उन्हात झाकलेली हवी, आणि पाळीपत्रक शाळा उघडताच फलकावर लागलेले हवे. या कामांपैकी शेवटच्या कामाला एक रुपयाही लागत नाही. म्हणून त्याचीच सुरुवात सर्वांत आधी व्हावी.